साडूभाऊंची लिंबं

जी गाडी वीतभरही हलत नव्हती, तिच्यावर इतकी वर्षं इतकं निरपेक्ष प्रेम करणारा माणूस उभ्या इंग्लंडात आमच्या साडूभाऊंखेरीज दुसरा सापडायचा नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे यजमान. मूळचे नागपूरचे, आता मिल्टन कीन्सचे. पोटासाठी सॉफ्टवेअर आणि जिवासाठी ही गाडी. गाडी म्हणजे जुनी अमेरिकन मसल कार. आठ सिलिंडरचं इंजिन, लांबलचक बॉनेट आणि रंग एकेकाळी लाल होता असं म्हणतात. घरासमोरच्या ड्राइव्हवेवर ती ताडपत्री पांघरून बसलेली असायची आणि घरची रोजची छोटी गाडी बिचारी रस्त्यावर उभी राहायची.

याचं मूळ एका सहलीत आहे. इंग्लंडात आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात दोघं सहलीच्या बसने समुद्र बघायला गेले होते. किनाऱ्याच्या रस्त्यावरून अशीच एक गाडी गुरगुरत गेली आणि ताई म्हणाल्या, "अशा गाडीतून समुद्राला यायला पाहिजे." बायका असं बरंच काही म्हणतात आणि शहाणे नवरे ते विसरतात. आमचे साडूभाऊ शहाणे नाहीत. त्यांनी एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून, कोंबड्यांना बेघर करून, ही गाडी उचलून आणली.

नवा पार्ट विकत घेणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. आपण मंडईत जातो तसे ते स्क्रॅपयार्डात जातात आणि प्रत्येक वस्तू दाबून बघतात. वायपरची मोटर एका निवृत्त आइस्क्रीम व्हॅनमधली आहे, तर आरसे दूधवाल्याच्या गाडीचे आहेत. जुगाड म्हटलेलं मात्र त्यांना खपत नाही. "अपग्रेड आहे जी हे," असं ते गंभीरपणे सांगतात. नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत असतात. एकदा आम्ही पुऱ्या वाढून घेऊन बसलो आणि ताईंनी उघडलेल्या डब्यात स्पार्क प्लग निघाले. गिअरबॉक्स पाहुण्यांच्या खोलीत, सोलापुरी चादरीत गुंडाळून ठेवलेला. मी त्याच्या शेजारी झोपलेलो आहे. तो घोरत नाही, एवढं त्याच्याबद्दल चांगलं सांगता येईल.

दरवर्षी दसऱ्याला आम्ही दोघं कॉव्हेंट्रीहून गाडीच्या पूजेला जातो. झेंडूचा हार, नारळ, हळदकुंकू आणि चार चाकांना टेकवून चार लिंबं. रीतीप्रमाणे मग गाडीने पुढे जायचं आणि लिंबं चिरडायची. इथे इंजिन सुरू व्हायचं, शेजारच्यांच्या खिडक्या थरथरायच्या, साडूभाऊंचे डोळे भरून यायचे आणि गाडी जागच्या जागी. कारण गिअरबॉक्स वरच्या मजल्यावर विश्रांती घेत असायचा. मग इंजिन बंद करायचं, मी ओणवा होऊन लिंबं गोळा करायची आणि ताईंनी त्यांचं सरबत करायचं. "बजेटमध्ये बसलं ना जी," साडूभाऊ ग्लास संपवून समाधानाने म्हणायचे.

मग ताईंचे गुडघे गेले. ऑपरेशनची वेटिंग लिस्ट हलेना. त्या घरात न हलणाऱ्या गोष्टींत आणखी एक भर. छोट्या गाडीत बसायचं तर कंबर वाकवा, पाय उचला. एकदा अर्ध्यातच अडकून त्या रडल्या आणि घरात परत गेल्या. त्यानंतर मंडळाचा गणपती नाही, कुणाकडे हळदीकुंकू नाही. सोफा ते किचन, एवढंच जग उरलं. आणि या काळात साडूभाऊ कुठे होते? गाडीखाली. माझं डोकंच फिरलं. एका शनिवारी मी सुनावलं, "बायकोचे सांधे दुखतायत आणि तुम्ही लोखंडाच्या सांध्यांना ग्रीस लावत बसलाय." गाडीखालून नुसते पाय दिसत होते. पाय म्हणाले, "तेरा नंबरचा पाना द्या जी."

मसल कार जमिनीलगत बसवलेली असली पाहिजे, हा त्या पंथाचा पहिला नियम. ती तशी बसवण्यात साडूभाऊंनी दोन उन्हाळे घातले होते. आता त्यांनी ती पुन्हा वर उचलली. पुढची लाल चामड्याची सीट काढली आणि तिथे भंगारात निघालेल्या, अपंगांसाठीच्या एका टॅक्सीची सीट बसवली. रंग राखाडी, रूप दवाखान्यातलं. बटण दाबलं की सीट दाराबाहेर वळते, खाली येते आणि माणसाला घेऊन आत जाते. मोटार क्लबातले एक पोनीटेलवाले गोरे गृहस्थ मुद्दाम बघायला आले. डोक्याला हात लावून म्हणाले, "मेट, यू हॅव रुइन्ड हर."

"येस," साडूभाऊ चिंधीला हात पुसत म्हणाले. "बट नाऊ माय वाइफ कॅन सिट."

मी तेरा नंबरचा पाना शोधून त्यांच्या हातात दिला.

गेल्या दसऱ्याला पाहुण्यांच्या खोलीत गिअरबॉक्स नव्हता. इतक्या वर्षांची सोबत सुटल्यामुळे मला नीट झोप लागली नाही. सकाळी पूजा झाली, मी लिंबं ठेवली. ठेवणीतली साडी नेसून ताई काठी टेकत दारात आल्या. सीट कुरकुरत बाहेर आली आणि त्यांना अलगद आत घेऊन गेली. कितीतरी महिन्यांनी त्या गाडीत बसल्या होत्या, आणि चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती.

"अहो, पण जायचंय कुठे?" त्यांनी विचारलं.

"समुद्रावर. तूच म्हटलं होतं ना."

"मी? कधी?"

"तू विसरली असशील," साडूभाऊ गिअर टाकत म्हणाले. "मी तेच करून राहिलो होतो."

गाडी हलली. खरोखर हलली. चारी लिंबं फुटली, आणि ती लाल-राखाडी विजोड गाडी गुरगुरत कोपऱ्यावरच्या राउंडअबाउटला वळून दिसेनाशी झाली. मिल्टन कीन्सहून समुद्र कुठल्याही दिशेने लांबच आहे, पण त्या दिवशी त्याची कुणाला फिकीर नव्हती. मला फार बरं वाटलं. आणि का कोण जाणे, थोडं वाईटही वाटलं.

सवयीने मी ओणवा झालो. उचलण्यासारखं काही उरलं नव्हतं. आत बायकोने, तीही सवयीनेच, सरबतासाठी पाण्यात साखर विरघळवून ठेवली होती. मग आम्ही दोघं दाराच्या पायरीवर बसलो आणि लिंबाशिवायचं ते नुसतं साखरपाणी हळूहळू प्यायलो.