आजच्या अंगाचं जाकीट

काकू समोर आल्या की आधी नमस्कार नाही, चौकशी नाही. थेट तुमच्या लाइफ जाकिटाचे दोन्ही खांदे धरून वर ओढायच्या. जाकीट सरकून कानापर्यंत आलं की शांतपणे म्हणायच्या, "बुडालात. पुढचे या."

हे सगळं कोरड्या जमिनीवर, खडकवासल्याच्या काठावर, रविवारी सकाळी, पोटात पोहे जायच्याही आधी. आमच्या सिंहगड रोडवरच्या सोसायटीतल्या काही जणांना मध्यंतरी कयाक वल्हवायचा नाद लागला. एरवी पुणेकराचा पाण्याशी संबंध 'टँकर आला का' एवढाच. पण आम्ही पडलो धाडसी. काकू तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. विमा कंपनीत दावे तपासायचं, म्हणजे मुख्यतः नाकारायचं, काम करून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर नाही म्हणायचा पगार घेतलेलं माणूस निवृत्तीनंतर फुकटात किती नाही म्हणू शकतं, हे तुम्हीही आपापल्या सोसायटीत पाहिलं असेलच.

त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. कुणी तो विषय काढला की म्हणायच्या, "म्हणूनच लक्ष देते. तुम्हाला येतं, म्हणून तुम्ही देत नाही."

खराडीला नोकरी करणारा आमचा एक शेजारी एकदा ऑनलाइन मागवलेलं काळंभोर जाकीट घालून आला. काकूंनी त्याला चहूबाजूंनी न्याहाळलं.

"छान आहे हो. पाण्यात कुणाला दिसू नये म्हणून काळं घेतलंत?"

"काकू, प्रीमियम आहे ते. आणि मी चांगला स्विमर आहे."

"हो का? डोक्यात वल्हं बसून बेशुद्ध पडलात, तरी पोहता?"

पुढच्या रविवारी त्याने पिवळंधमक आणलं, शिट्टीसकट.

होडीवाल्याकडची भाड्याची केशरी जाकिटं तर त्यांच्या डोळ्यांत खुपायची. लोक ती अंगावर कमी घालायचे आणि कणसं खाताना बुडाखाली जास्त घ्यायचे. "हे जाकीट नाही, बैठक आहे," काकू म्हणायच्या. "आतला फोम कधीच मेलाय. हे तुम्हाला नाही तरंगवणार, तुम्हीच त्याला धरून ठेवा."

पण त्यांची खरी जीभ सुटायची ती आईबापांवर. आपल्याकडे पोरांचा गणवेश, बूट, रेनकोट सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची रीत. सोसायटीतल्या एका जोडप्याने मुलीचं जाकीटही तसंच घेतलं, वर कौतुकाने सांगितलं की दोन वर्षं बघायला नको.

"अस्सं? मग दोन वर्षांनी आणा तिला," काकू म्हणाल्या. "आज पडली तर आजच्या अंगाची पडेल ना ती?"

त्या आईचा चेहरा एवढासा झाला. पण पुढच्या वेळी मापाचं जाकीट आलं, मांड्यांमधून घ्यायच्या पट्ट्यासह. तो पट्टा काकूंनी स्वतः बसवला, आणि पोरीला चिक्की दिली.

या सगळ्या उपद्व्यापामागे एक नातू होता. आठ वर्षांचा, कॅनडात. तो दिवाळीत येणार होता आणि काकूंना त्याला होडीतून न्यायचं होतं. तो पुढे, आपण मागे. दुसरं काही नको होतं त्यांना. सिंहगड नको, मंडईतला गणपती नको, हॉटेल तर नकोच. त्यासाठी त्यांनी दोघांच्या होडीचा सराव चालवला होता, आणि नातवाच्या जागी बसवलं होतं मला. पोट सुटलेला मी पुढे, मागून काकूंची सूचना, "सोन्या, वल्हं सरळ धर." काठावरचे लोक हसायचे. हसू देत. काकू तेव्हा इतक्या खुशीत असायच्या की मीही सोन्या होऊन वल्हं सरळ धरायचो.

फोनवर वजन विचारून त्यांनी नातवासाठी नेमकं मापाचं जाकीट आणलं. मुलगा म्हणाला होता, "अगं आई, जरा मोठं घे, पुढेही होईल." त्यावर त्याला काय ऐकावं लागलं असेल, ते सांगायची गरज नाही.

दिवाळीचं येणं लांबलं ते मार्चवर गेलं. काकूंनी पुन्हा फोन करून वजन विचारलं. मुलगा म्हणाला, "तेवढंच आहे गं." वजनकाटा बहुधा दुसऱ्या खोलीत असावा.

ही मंडळी आली ती आधी सूनबाईंच्या माहेरी, नागपूरला. पुण्याच्या वाट्याला शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ. दुपारी मुंबई विमानतळाची गाडी. त्यामुळे जाकीट नातवाच्या अंगावर चढलं ते थेट काठावर. चेन लागेचना. पोरगं चांगलं बाळसं धरून आलं होतं.

"तरी मी म्हणत होतो, मोठं घे," मुलगा म्हणाला.

काकूंनी चेन पुन्हा एकदा खालून वर ओढून पाहिली.

आमच्या पोरांच्या परीक्षा, त्यामुळे उसनं घ्यावं असं एकही पोर तिथे नव्हतं. घरी जाऊन परत येण्याइतका वेळ नव्हता. होडीवाल्याने मोठ्यांतलं सगळ्यात लहान जाकीट काढलं. "दोरीनं बांधून देतो की, काकू. लांब नका जाऊ. काय हुत नाय." मीही म्हणालो, "काकू, मी शेजारून येतो ना. पाणी बघा, परातीतल्यासारखं शांत आहे."

काकूंनी दोरी बांधू दिली. मग नातवाच्या जाकिटाचे खांदे धरून वर ओढले. जाकीट वर आलं आणि पोराचं तोंड आत गेलं. त्यांनी ते खाली घेतलं, दोरी आणखी आवळली आणि पुन्हा ओढलं. या वेळी इतकं हळू ओढलं की मला स्पष्ट कळलं, ते वर यायला नको होतं त्यांना. पण आलं.

'बुडालात' हा शब्द त्यांनी नातवासाठी काढला नाही. नुसतं म्हणाल्या, "नाही."

"आजी, प्लीज! इट्स नॉट फेअर!" पोरगं रडायला लागलं. मुलगा म्हणाला, "आई, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. उद्या आम्ही नसू इथे."

"माहितीय मला," काकू म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून, "तुम्ही कशाला खोळंबलात? निघा."

वर्षभरात काकू गेल्या. घरात, पलंगावर, झोपेत. पाण्याने त्यांना शेवटपर्यंत हात लावला नाही. हिंमतच झाली नसेल. मुलगा एकटाच आला, नातवाची शाळा होती. जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "फार हट्टी होती हो आई." दोन खरमरीत वाक्यं माझ्या अगदी ओठांवर आली होती. पण तो रडत होता, मग नाही बोललो. आणि खरं सांगू का, त्या सकाळी मलाही काकूंचा रागच आला होता. त्या बरोबर होत्या, म्हणून जास्त आला होता.

मी तेव्हा पाण्यात बराच आत गेल्यावर मागे वळून पाहिलं. मुलगा लांब झाडाखाली फोनवर बोलत होता. काठावर नातू पाठ फिरवून बसला होता. त्याच्या शेजारी काकू, जाकिटाचे सगळे पट्टे आवळलेले, वल्हं मांडीवर आडवं. जाकीट काढायचं त्यांना सुचलंच नव्हतं. मी हात हलवला. त्यांनी पाहिलं नाही; त्या पोराच्या पाठीकडे बघत होत्या.