यंदा वेळ अमावस्येचं बोलावणं आमच्याकडून

मंडळी, आज वेळ अमावस्या. अख्खं लातूर शेतात जेवायला गेलं होतं. आम्हीही गेलो, पण आमच्याच.

आम्हाला शेती नाही. शेत नसलेल्यांनी आजच्या दिवशी कुणाच्या तरी बोलावण्याची वाट बघायची. आम्हाला दरवर्षी सासऱ्यांचे मित्र बाबूकाका औशाजवळच्या त्यांच्या शेतात बोलावतात.

घरामागचा प्लॉट वेड्या बाभळी आणि फुटक्या विटांनी भरलेला होता. पुण्यातल्या मालकाला विचारून आम्ही नवरा-बायकोनं पावसाळ्याआधी तो साफ केला. हात सोलले. शेजारच्या ताई म्हणायच्या, "तिथं विटाच उगवतील." आज तिथं पालक, चुका, मेथी, गाजर, वाल आहे.

म्हणून यंदा काकांना मी फोन केला, "तुमची पूजा उरकली की इकडं या."

दुपारी ते आले. कडब्याची छोटी कोप, म्हणजे खोपटं, केली होती, आत पाच दगडांचे पांडव पूजेला मांडले होते. बेसन सोडलं तर भज्जीतलं, म्हणजे आजच्या मिसळ पालेभाजीतलं, सगळं आमच्या मातीतलं. मग पिकावर आंबील शिंपडत फेरा मारायला निघालो, तर तो लगेच संपला. सगळे हसले. मी ओशाळले.

काकांनी चप्पल फाटकापाशीच काढून ठेवली होती. त्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला. "हसता कशाला? शेत हाय हे. निवांत फिरायचं असतंय," म्हणाले आणि पुन्हा पहिल्या वाफ्यापासून निघाले.

आजवर आम्ही त्याला प्लॉटच म्हणायचो.

तर मंडळी, आज कुणाकुणाला बोलावणं आलं नाही? पुढच्या वर्षी आमच्या शेतात या.