गळाला लागलेला लाडू

बेसन भाजल्याचा वास आला की मला कल्याणपुढचं एक तळं आठवतं. लग्न नवं होतं. सासरे कोलशेतचे, उभा जन्म खाडीत जाळी टाकलेले, आणि जावई मासा फक्त ताटात ओळखणारा. तरी एका रविवारी ते मला रोहू धरायला सोबत घेऊन गेले, म्हणून मी भलताच फुशारलेलो. ते पलीकडे गळ लावत होते, तेवढ्यात मला भूक लागली. बायकोने बेसनाचे लाडू दिलेले. पिशवीतून डबा काढून मी पाचही गोळे संपवले. हिंग जरा जास्त वाटला, पण नव्या बायकोच्या हाताला नाव कोण ठेवणार? सासरे आले आणि रिकाम्या डब्याकडे बघतच राहिले. "जावय, अरे तो चारा होता! माशाचा घास तू खाल्लास, आता मासा काय खाईल?" शेजारचे गळवाले पोट धरून हसले. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या कोलशेतात पोचणार होती. मग मी दुसऱ्या डब्यातला खरा लाडू चपातीत मळला आणि गळाला लावला. "आता त्याला चहा पण पाज," सासरे म्हणाले, आणि दोरी सणसणत पळाली. हातभर लांबीचा रोहू काठावर आला, तेव्हा मी गुडघाभर चिखलात होतो आणि माझी एक चप्पल कायमची तळ्यात गेलेली. सासरे त्या हसणाऱ्यांकडे वळून म्हणाले, "आमच्या जावयानं धरलाय." अजूनही शनिवारी त्यांचा फोन येतो, "लाडू घेऊन ये रे." मी डबाभर नेतो. त्यातला एकही ते स्वतः खात नाहीत.