वाढीव अर्धं मिनिट

बर्फगाडीवाला तसा अबोल माणूस. पण लेकीचा विषय निघाला की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झालाच म्हणून समजा. स्केटिंगच्या हॉलमधला बर्फ गाडी फिरवून गुळगुळीत करणं हे त्याचं काम. लेक लहानपणापासून त्याच बर्फावर शिकली. ती पडायची, आणि पडल्याच्या खुणा बाप गाडीखाली पुसून टाकायचा. सगळा हॉल तिला शेंडेफळ म्हणे.

यंदा शेंडेफळ ज्युनिअरमधून सीनिअर गटात गेलं. तिथे संगीतावरचा खेळ अर्धं मिनिट जास्त चालतो. शिकवणाऱ्या ताईंनी तिची जुनी आवडती धूनच ठेवली आणि शेवटी तेवढी भर घातली. घोडं अडलं ते इथेच. जुना शेवट आला की पोरीचे हात आपोआप वर जायचे, पाय थांबायचे आणि धून आपली पुढे चालूच!

"उद्या स्पर्धेत असं झालं ना, तर मी ज्युनिअरला परत जाणार," जेवताना ती म्हणाली. "वयात बसते अजून."

"जा की," बाप म्हणाला खरा, पण मनापासून नाही. मोठ्यांत खेळायचं म्हणून वर्षभर ही पोर कशी राबली, हे त्याने पाहिलं होतं.

स्पर्धा याच हॉलमध्ये होती. तिच्या गटात तीच शेवटची, म्हणून बाप गाडीवर बसून फाटकापाशी तयार होता. खेळ झकास रंगला. जुना शेवट आला आणि गेले हात वर! लोकांनी टाळ्याही वाजवल्या. पोरीने घाबरून बापाकडे पाहिलं, तर गाडीवर त्याचेही हात वर. जुन्या शेवटाला तिच्याबरोबर हात वर करायची इतक्या वर्षांची सवय ती!

तिला खुदकन हसू आलं. हात तसेच ठेवून ती निघाली, आणि एका पायावर तरंगत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. धून संपली तेव्हाच थांबली.

नंबर आला खालून तिसरा.

"हात तिथे वरच ठेवायचे हं यापुढे," ताई म्हणाल्या. "शोभून दिसतात."

"मग, ज्युनिअरचं काय?" बापाने विचारलं.

"छे! इथेही सगळ्यांत लहान मीच आहे, बाबा."

"म्हणजे शेंडेफळच!"

त्याने गाडी बर्फावर घेतली. तिच्या त्या लांबलचक रेघेपाशी आल्यावर ती पुसायला त्याचा जीव होईना. पण पुढचा गट खोळंबला होता. डोळे पुसले, मग रेघ पुसली.