जाऊबाईंचा टीव्ही

नव्या खोक्यातल्या थर्माकोलचा वास आला की मला उमरग्याला जाऊबाईंच्या घरी झालेलं ते संक्रांतीचं हळदीकुंकू आठवतं. भिंतभर नवा टीव्ही, त्याच्या पाठीमागं खोचलेलं बोटाएवढं यंत्र. फोनमधलं सगळं म्हणे टीव्हीवर दिसतं. पंधरा-वीस बाया तिळगूळ चघळत तिकडंच बघत होत्या आणि मी मनातल्या मनात नुसती जळत होते. “नणंदेच्या लेकीच्या लग्नाचे फोटो तुझ्या फोनात हायत न्हवं? आण की,” म्हणत जाऊबाईंनी माझा फोन टीव्हीला जोडला. गॅलरी उघडली, तर लग्नाच्या फोटोंआधी भिंतभर आले ते त्यांच्याच घराचे फोटो: त्यांचा फ्रिज, त्यांचे पडदे आणि हाच टीव्ही, तीन बाजूंनी. सकाळी त्या अंघोळीला गेल्या तेव्हा बहिणीला पाठवायला म्हणून मी चोरून काढलेले. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. जाऊबाई मात्र हसून म्हणाल्या, “अगं, एवढे तर माझ्याकडंबी न्हाईत. मलाबी पाठव.” त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. परवा मी त्यांच्याहून मोठा टीव्ही घेतला. त्या आल्या, चहा प्यायल्या, “लई छान हाय” म्हणाल्या. फोन मात्र त्यांनी पिशवीतून एकदाही बाहेर काढला नाही.