जप्त केलेली म्हैस

वनरक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक वैनगंगेच्या पाण्यातल्या एका बेटावर झाली आणि त्याच महिन्यात मला समुद्रकिनारी, कांदळवनाच्या बेटांचं रक्षण कसं करावं याच्या प्रशिक्षणाला धाडलं. भंडारा जिल्ह्यात समुद्र नाही, हे मी साहेबांना नम्रपणे सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "बेट आहे ना? मग जा." गेले. पाच दिवस गुडघाभर चिखलात उभं राहून भरती-ओहोटी पाठ केली आणि प्रमाणपत्र घेऊन पवनी तालुक्यात परत आले.

आमचं बेट म्हणजे धरणात बुडालेल्या एका गावाचा उंच भाग. एरवी पाण्याखाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाभळींची खोडं, विटांचे ढीग, घरांची जोती वर येतात. त्या उघड्या जमिनीवर नदीसुरय नावाचे पक्षी अंडी घालतात. पांढरे, डोक्यावर काळी टोपी, आणि आळशी इतके की घरटं बांधायची तसदी घेत नाहीत. चार खडे बाजूला सारले की झालं बाळंतघर. ती अंडी फुटून पिल्लं उडेपर्यंत सांभाळायची, हे माझं काम. नोकरी नवीन होती, त्यामुळे त्या अंड्यांपायी मला झोप लागत नव्हती.

साप, घारी, शिकारी, सगळ्यांची तयारी ठेवली होती. आली म्हैस.

पलीकडच्या काठावर पुनर्वसनाचं गाव आहे. सकाळची धार झाली की ही तिथून निघायची, नाकपुड्या तेवढ्या पाण्यावर ठेवून पोहत यायची, दिवसभर बेटावर मिरवायची आणि संध्याकाळी आपल्या वगारीच्या, म्हणजे पारडीच्या, ओढीनं परत जायची. पहिल्याच आठवड्यात तिच्या खुरांखाली दोन घरटी गेली. मी चक्क रडले. मग प्रशिक्षणात सांगितल्याप्रमाणे 'प्रवेश निषिद्ध' असा फलक ठोकला. म्हशीनं त्याला पाठ घासून पाहिली. तिला ते इतकं आवडलं की तिसऱ्या दिवशी फलक आडवा झाला.

मालकाला गाठलं. पन्नाशीचा गृहस्थ, टिनाच्या शेडखाली वगारीला चारा टाकत होता.

"काकाजी, म्हैस बांधून ठेवा."

"मी कुठं पाठवतो जी मॅडम? थे आपल्या मनानं जाते. वगार होती तवा तिचा कोठा होता तिथं."

"अहो, पण ती अंडी तुडवते!"

"मंग तिलेच समजावून सांगा. माह्यं तं आइकत नाई."

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सरकीच्या ढेपेचा तुकडा दाखवून मी म्हशीला बेटावरच एका खोडाला बांधलं आणि रीतसर जप्त केलं. पंच म्हणून माझा डोंगा वल्हवणारे मामाजी. मासेमारीत आयुष्य गेलेला माणूस, कागद पाहिला की गंभीर होतो. फॉर्मात आरोपीचं नाव, वडिलांचं नाव, व्यवसाय असे रकाने होते. मी व्यवसायापुढे 'दूध' लिहिलं.

मामाजी म्हणाले, "मॅडम, म्हैस आरोपी हाय का मुद्देमाल? येक कायतरी लिवा."

हे कोणी शिकवलं नव्हतं. शिवाय जप्त केलेला माल कचेरीत जमा करायचा असतो, आणि डोंग्यात कशीबशी तीन माणसं बसत होती. मामाजींनी म्हशीकडे पाहिलं, डोंग्याकडे पाहिलं आणि तंबाखू मळायला घेतली.

चार वाजले. म्हशीची कास तटतटली आणि ती हंबरू लागली. एका हंबरड्यासरशी सगळे पक्षी हवेत, अंडी उन्हात उघडी! इतके दिवस म्हशीनं केलं नव्हतं तेवढं नुकसान आता मी करत होते. घाईघाईनं धार काढायला बसले. मी सिहोऱ्याकडची, धानाच्या बांध्यांत वाढलेली, पण आमच्याकडे दुभतं जनावर कधी नव्हतं. म्हशीनं एकच लाथ मारली. मी उडून मागच्या मागे बसले, सुदैवानं अंड्यांवर नाही.

"हेबी पंचनाम्यात घेऊन राहिल्या का?" मामाजींनी विचारलं.

त्यांना मालकाला आणायला पाठवलं. ते एकटेच परतले. "येत नाई म्हंते. गाव सोडलं तवापासून त्यानं इकडं पाय नाई ठेवला."

पण हंबरडा पाण्यावरून लांब जातो. अर्ध्या तासानं मालक दुसऱ्या कोणाच्या तरी डोंग्यातून आला, हातात बादली, मान खाली. थेट म्हशीपाशी बसला. धार काढली, बादली बाजूला ठेवली, उठून उभा राहिला आणि मग त्यानं पहिल्यांदा आजूबाजूला पाहिलं.

"इथं दार होतं," तो म्हणाला. दोन पावलं चालला. "आन् हे आमची सैपाकखोली."

सैपाकखोलीच्या कोपऱ्यात, विटांच्या चुऱ्यात, तीन अंडी होती. तेवढ्यात त्यांची आई वरून किंचाळत आली आणि त्याच्या डोक्यावर झडप घालू लागली. तो दोन्ही हात डोक्यावर धरून खाली बसला.

"माह्याच घरातून मलेच हाकलून राहिली!" आणि हसत सुटला. हसता हसता डोळे पुसले. मग विचारलं, "किती दिवस लागन या अंड्यायले?"

"अंडी फुटायला तीन आठवडे. पिल्लं उडायला अजून महिना धरा."

"घेऊ द्या." त्यानं बादली उचलली. "गाव सोडाले लावलं तवा आमाले कोनी असं इचारलं नोतं."

मी पंचनामा फाडला. सरकारी कागद फाडणारी बाई मी नव्हे, पण फाडला.

दुसऱ्या दिवसापासून म्हैस दावणीला. ती ओरडायची आणि तो तिला दम द्यायचा, "गप राय, घरात लेकरं हायेत!" दर आठवड्याला मी खबर द्यायला जायचे. तो सगळं विचारायचा: डोळे उघडले का, पंख फुटले का, आई काय चारते. मृग लागायच्या तोंडावर बेटावरची सगळी पिल्लं उडाली, सैपाकखोलीतली तिन्हीही. सांगायला गेले तेव्हा मला वाटलं तो खूष होईल. त्यानं फक्त विचारलं, "पानी चढाले किती दिवस हायेत?"

"पंधरा-वीस असतील."

"मंग आता माही पाळी."

त्यानं म्हशीचं दावं सोडलं आणि घरातून डबा घेऊन आला. मी आणि मामाजींनी त्याला डोंग्यात घेतलं. म्हैस बाजूनं पोहत होती. बेटावर कोणालाही न्यायला परवानगी लागते. त्यानं मागितली नाही, मीही विषय काढला नाही. दार होतं तिथून तो आत गेला, चपला बाहेर काढून ठेवल्या, सैपाकखोलीच्या जागी मांडी घालून बसला आणि डबा उघडून जेवला.