उष्टी मशीन

माझ्या बायकोला फुप्फुसाचा आजार आहे. लोक त्याला दमा म्हणतात, मीही म्हणायचो. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा समजावून सांगितलं, की हा दमा नव्हे. श्वासाच्या नळ्या कायमच्या आकसल्यात, गेलेला दम परत येणार नाही, आहे तेवढा सांभाळायचा. मी बरं म्हणालो. आणखी काय म्हणणार?

तिनं आयुष्यात बिडी ओढली नाही. ओढली मी. रेल्वेच्या नोकरीत कानावर बिडी ठेवून रूळ तपासत हिंडलो, अन् मी ठणठणीत. हिनं फक्त चुलीपुढं बसून पऱ्हाट्या फुंकल्या. कापूस वेचून झाला की रानात जी वाळकी काडी उरते ती पऱ्हाटी, आमच्याकडचं फुकटचं जळण. पुढं पूर्णा गावातल्या घरात गॅस आला, तरी भाकर चुलीवरच व्हायची. "गॅसवरची भाकर भाकर असती व्हय?" असं तीच म्हणायची. करायला गेलो एक अन् झालं भलतंच, त्यातली गत.

लोक विचारतात, तुम्हाला काय वाटतं हो हिच्याकडं बघून? खरं सांगू, काही वाटत नव्हतं. रुळाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला गाडीचा धडधडाट ऐकू येईनासा होतो. तसं तिचं धापा टाकणं मला ऐकू येईनासं झालं होतं. ती न्हाणीपासून पलंगापर्यंत यायची अन् मध्ये भिंत धरून थांबायची. मी पेपर वाचायचो. दगड झालो होतो म्हणा ना.

औषध चालू होतं. कॅप्सूल असते, पण गिळायची नाही. ती एका छोट्या प्लास्टिकच्या मशिनीत घालायची, मशीन फिरवली की कॅप्सूल आत उघडते, मग मशीन ओठात धरून आतली पूड जोरात ओढायची, दम जरा रोखून धरायचा अन् शेवटी चूळ भरून टाकायची. सकाळी अन् संध्याकाळी. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही, बरं वाटेना म्हणून मनानं वाढवायची नाही. बायको हे सगळं शिस्तीत करायची. वेळ कधी चुकवली नाही. तरी तब्येत उतरणीला लागलेली ती लागलेलीच.

थंडीत दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी औषध आधीच जास्त ताकदीचं करून दिलं होतं. नातेवाईक आपापलं शहाणपण सांगत होते. कुणी म्हणे ओवा-मध द्या, कुणी म्हणे तो पंप बंद करा, पंप लागला म्हणजे माणूस शेवटाला लागला. मी त्यांना चहा पाजून वाटेला लावायचो. मुलगा पुण्याहून फोन करायचा, "आईला इकडं आणा." दुसऱ्यांदा सुटी झाली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता फरक पडला नाही तर घरी ऑक्सिजनची मशीन लावावी लागेल. दिवसातला बराचसा वेळ नळी नाकाला."

रिक्षात बसल्यावर बायको थांबत थांबत म्हणाली, "म्हशीसारखं दाव्याला बांधायलेत मला. मला न्हाई जमायचं. तुमी काय बी करा, पण नळी नका लावू देऊ."

मी म्हणालो, "बघू." बघण्यासारखं काही माझ्या हातात नव्हतं. ती मशीन चालणार लाईटीवर, अन् लाईट आमच्याकडं कधी जाते अन् कधी येते ते एमएसईबीवाल्यांनाही सांगता येत नाही, हे तेवढं मनात आलं. पुण्याला नेलं तर ती जगेल, पण जगेल म्हणजे मुलाच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीला बसून राहील. इथं तिचं विहार आहे, पौर्णिमेला वंदना तीच सांगते, म्हणजे सांगायची. आताशा दोन ओळींनंतर दुसरी बाई उचलायची.

महिन्यानं पुन्हा दाखवायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, कागद बघितले अन् कपाळाला आठी घातली. म्हणाल्या, "मावशी, मशीन आणलीय का? माझ्यासमोर घेऊन दाखवा बरं."

बायकोनं पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून मशीन काढली अन् विचारलं, "नळ कुठं हाय?"

"नळ कशाला?"

"धुवायला. सकाळची उष्टी हाय की."

कोपऱ्यातल्या बेसिनवर जाऊन तिनं मशीन खळाखळा धुतली. आत बाहेर, बोट घालून. दोनदा झटकली. ओल्या मशिनीत कॅप्सूल घातली, फिरवली, ओढली, दम रोखला. अगदी सांगितल्याबरहुकूम. डॉक्टरीणबाईंनी ती हातात घेऊन उघडली. आत पुडीचं पिठलं झालं होतं. सगळं औषध प्लास्टिकला चिकटून बसलेलं.

"मावशी, औषध इथंच राहिलंय. रोज असंच धुता?"

"दोन्ही टायमाला. तोंडाला लावल्यालं न धुता कसं लावायचं पुन्हा?"

डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघायला लागल्या. ती का धुते ते मला सांगता आलं असतं, पण दवाखान्यात ते सांगायचं कसं. आता सांगतो. माझी सासू लहान असताना तिच्या आईबरोबर गावात दारोदार भाकर मागत हिंडायची. आमच्या माणसांचा तो हक्कच मानला होता गावानं, लोकांच्या ताटात उरलेलं आमच्या टोपल्यात. धम्म घेतला त्या साली सासूच्या आईनं ती टोपली चुलीत घातली. तेव्हापासून त्या घरात एकच कायदा. उष्टं तोंडाला लावायचं नाही, मग ते स्वतःचं का असेना. माझी बायको त्याच कायद्यात वाढली. लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्या कपातला घोट तिनं कधी घेतला नाही, लेकराच्या ताटातलं उचलून खाल्लं नाही. प्रवासात एका बाटलीचं पाणी प्यायचं तर वरून. मला तिची ती सवय इतकी अंगवळणी पडली होती, की ती मशीन धुते हे मला दिसायचंच नाही.

डॉक्टरीणबाईंना हे कुणी सांगितलं नाही, पण त्या रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "दोन मशिनी ठेवा. एक धुवायची अन् पूर्ण वाळू द्यायची, पार खडखडीत. तोवर दुसरी. अन् रोज धुवायची गरज नाही मावशी, कोरड्या फडक्यानं मशिनीचं तोंड पुसलं तरी चालतं. ओल्या मशिनीत कॅप्सूल घालायची नाही म्हणजे नाही. ऑक्सिजनचं पुढं बघू."

फडक्याचं तिनं ऐकल्यासारखं केलं. दोन मशिनींचं मात्र पटलं. आमच्या खिडकीत एक मशीन सदा पालथी वाळत पडलेली. उन्हाळा होता, वाळायला वेळ लागत नव्हता. हळूहळू तिचं भिंत धरणं कमी झालं. फार नाही. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण ती एकदा अंगणातून मला ओरडली, "आवं, दूध उतू जायलंय, बघा ना जरा," तर ते सगळं एका दमात आलं. मी दूध उतरवलं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. वाटलं, असू दे, उद्या हा दम पुन्हा जाईल.

मग जिंतूरला तिच्या भाचीचं लग्न आलं. सकाळी निघायची घाई. एक मशीन तिनं वापरून पिशवीत टाकली, दुसरी धुऊन खिडकीत वाळत ठेवलेली ती तिथंच राहिली. लग्न लागलं, जेवणं झाली, आम्ही परतीची एसटी धरली. जिंतूर मागं पडलं अन् बोरी गावाच्या अलीकडं गाडी बंद पडली. कंडक्टर म्हणाला, दुसरी गाडी येईल, उतरा. रस्त्याच्या कडेला एक चहाचं हॉटेल होतं, त्याच्या बाकावर बसलो. ऊन कलायला लागलं. औषधाची वेळ झाली.

तिनं पिशवी उघडली. एकच मशीन, सकाळची. समोर हॉटेलचं पाण्याचं पिंप, त्याला तोटी. तिनं पिंपाकडं बघितलं. मी मनात शब्द जुळवायला लागलो, की अगं धुऊ नको, धुतलीस तर औषध वाया, न घेतलीस तर रात्र अवघड, पुन्हा दवाखाना, अन् मग ती नळी. एवढ्या वर्षांत तिला उष्टं लाव म्हणून सांगायची माझी छाती झाली नव्हती. आजूबाजूला बसमधली सगळी माणसं उभी होती.

ती बराच वेळ मशीन हातात धरून बसली. मग पदराच्या कोरड्या टोकानं मशिनीचं तोंड पुसलं. एकदा, पुन्हा एकदा. कॅप्सूल घातली, फिरवली. ओठाला लावायच्या आधी माझ्याकडं न बघता म्हणाली,

"आपलंच हाय. मागून आणल्यालं न्हाई."

अन् ओढली. लांब, खोल. तिचा श्वास आत जाताना मला ऐकू आला. किती तरी दिवसांनी ऐकू आला. मला रडू यायला लागलं, तेही चारचौघांत, ते लपवायला मी उठलो अन् तिला चूळ भरायला पाणी आणायला गेलो.